घरभाड्याचं व्हाउचर काय असते, अन् आपल्या पोरीच्या रूमभाड्याचं काय करायचं

भाऊ, तुमचं विचारणं असं आहे की पोरीचा अमरावतीला बीएस्सीला नंबर लागला, सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही, रूमचे 3,000 रुपये महिना सांगून राहिले अन् घरी चार एकर कोरडवाहू. तुमच्या भाच्यानं सांगितलं की अमेरिकेत गरिबाला घरभाड्याचं व्हाउचर भेटते, सरकारच भाडं भरते. तर ते काय प्रकरण आहे, त्यानं खरंच घर परवडते का, मालक लोक भाडं वाढवून तो पैसा खाऊन टाकत नाहीत का, अन् आपल्याकडं असं काही आहे का. मी आधी 9 वर्षं मुलींच्या एका वसतिगृहात अधीक्षक होती, अन् आता 12 वर्षं झाले, यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यातून शिकायला बाहेर निघणाऱ्या पोरापोरींच्या रूमा, भाडं अन् योजनांचे फॉर्म हेच काम करून राहिली, म्हणून जरा लांब लिहिते, सावकाश वाचा.

आधी भाच्याची गोष्ट दुरुस्त करू. सरकार सगळं भाडं भरत नाही. तिकडं त्याला हाऊसिंग चॉईस व्हाउचर म्हणतात, बोलताना लोक सेक्शन 8 म्हणतात, कारण 1937 च्या त्यांच्या घरांच्या कायद्यात 1974 साली जे आठवं कलम नव्यानं आलं त्यातून हे निघालं. पैसा केंद्र सरकारच्या खात्याचा, पण वाटप करते ती त्या त्या गावा-शहराची सरकारी गृहनिर्माण संस्था, अशा 2,000 च्या वर संस्था आहेत अन् साधारण 23 लाख कुटुंबं या व्हाउचरवर राहतात. हिशेब असा की कुटुंबानं आपल्या कमाईतले साधारण 30 टक्के भाड्याला द्यायचे अन् वरचे संस्था देते. कमाई धरताना घरातले लहान लेकरं, म्हातारं माणूस, अपंग माणूस यांची वजावट आधी करतात, मग उरलेल्यावर 30 टक्के. अन् संस्था कितीही भाडं भरत नाही, तिला हद्द आहे. दरवर्षी त्या भागातल्या घरांचं चालू भाडं काढतात, सगळे भाडे कमीपासून जास्तीपर्यंत ओळीनं लावले तर 100 पैकी 40 व्या नंबरावर जे भाडं येईल तो आकडा धरतात, अन् त्याच्या 90 ते 110 टक्क्यात संस्था आपली हद्द ठरवते.

आकड्यात सांगते म्हणजे डोक्यात बसेल. समजा एका बाईची वजावटीनंतरची कमाई महिन्याला 1,500 डॉलर. तिचा वाटा 450. त्या भागाची हद्द 1,200 असली तर संस्था 750 भरणार. तिला 1,300 चं घर आवडलं तर वरचे 100 तिनं स्वतः टाकायचे, म्हणजे तिचे 550 होतील, पण पहिल्यांदा घर घेताना तिचा वाटा कमाईच्या 40 टक्क्याच्या वर जाऊ देत नाहीत, इथं ती मर्यादा 600 येते, म्हणून हे घर तिला चालते. 1,400 चं घर मात्र संस्था घेऊच देणार नाही, मालक अन् ती दोघं राजी असले तरी.

आता इथं जरा थांबा. समजा त्या बाईचे कामाचे तास कमी झाले अन् कमाई 1,500 ची 1,000 वर आली. तिनं कळवलं की तिचा वाटा 450 चा 300 होते अन् संस्था 750 च्या जागी 900 भरते. मालकाला मात्र तेवढेच 1,200, त्याला काही फरक पडत नाही, म्हणून तो घर खाली करा म्हणत नाही. आपल्याकडं पाऊस आठ दिवस लागून बसला की निंदण बंद, मजुरी बंद, पण रूमवाल्याची 5 तारीख काही पावसासाठी थांबत नाही. माझ्या मते व्हाउचरची खरी ताकद हीच आहे. पैसा किती देतात हे नंतर पाहू. भाडं ज्या चालीनं लागते त्याच चालीनं, दर महिन्याला, मदत येते अन् ती सरळ मालकाच्या खात्यात जाते, हे आधी ध्यानात घ्या. संस्थेचा मालकाशी वेगळा करार असते अन् कुटुंबाचा मालकाशी वेगळा.

पैसे द्यायच्या आधी संस्थेचा माणूस घर बघून येते. छत गळते का, पाणी येते का, वायरिंग उघडी आहे का, घर नापास झालं तर मालकानं दुरुस्त करायचं, नाहीतर भाडं सुरूच होत नाही. अन् भाडं आजूबाजूच्या तशाच, व्हाउचर नसलेल्या घरांएवढं आहे का हेही तपासतात. तुमचा जो प्रश्न आहे मालक भाडं वाढवण्याचा, त्याला पहिला आडोसा हा. दुसरं असं की तिकडं 1970 च्या दशकात हेच तपासायला मोठा प्रयोग केला होता, ग्रीन बे अन् साऊथ बेंड या दोन मध्यम आकाराच्या शहरांच्या भागात जेवढे म्हणून पात्र कुटुंबं पुढे आले त्या सगळ्यांना भाड्याची मदत दिली, अन् तिथल्या भाड्यावर तिचा फारसा परिणाम दिसला नाही. बरेचसे लोक आहे त्याच घरात राहिले, फक्त महिन्याचा ताण उतरला. जिथं रूमाच कमी अन् राहणारे जास्त, तिथं भाडं चढायची भीती खरी आहे, हे मी नाकारत नाही. स्वाधार म्हणून आपल्याकडं पोरांच्या राहण्या-जेवणाची सरकारी योजना आहे, तिचे पैसे जमा झाले हे मालकाला कळलं अन् पुढच्या महिन्यापासून 300 वाढवून मागितले, असं माझ्यासमोर झालेलं आहे.

फायदा झाला का तर झाला, अन् तो लेकरांना जास्त झाला. 1994 पासून बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस अन् न्यूयॉर्क या पाच शहरांत साधारण 4,600 कुटुंबांवर एक प्रयोग झाला, चिठ्ठ्या टाकून काहींना असं व्हाउचर दिलं की ते कमी गरिबीच्या वस्तीतच वापरायचं. मोठ्या माणसांच्या कमाईत काही विशेष फरक पडला नाही. पण ज्या लेकरांचं वय घर बदलताना 13 च्या आत होतं, अन् ज्यांनी खरंच घर बदललं, ते पंचविशीच्या आसपास आले तेव्हा त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा 31 टक्के जास्त निघाली. हा अभ्यास 2016 ला छापून आला, अन् मला तो अजूनही मोठा आधार वाटते, कारण पोरं कोणत्या गल्लीत राहतात यानं त्यांचं पुढचं आयुष्य हलते हे मी वसतिगृहात रोज पाहत होती, पण माझ्याजवळ आकडा नव्हता.

उणीव पण तेवढीच मोठी आहे. पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच भाड्याची मदत भेटते, बाकीचे वर्षानुवर्षं यादीत, कुठं कुठं तर यादीच बंद करून ठेवतात. भेटलं तरी घर शोधायला कमीत कमी 60 दिवस देतात, संस्था मुदत वाढवू शकते, पण तेवढ्यात मालक राजी नाही झाला तर व्हाउचर हातातून जाते. अन् मालक राजी होत नाहीत, व्हाउचरवाले भाडेकरू नको म्हणून तोंडावर सांगतात. काही राज्यांनी कायदा करून हे बंद केलं, बाकीच्या ठिकाणी चालते.

हे वाचलं तेव्हा मला परकं काही वाटलंच नाही. रूम खाली आहे अशी पाटी गेटवर, आपण आत जातो, मावशी चहा विचारते, मग विचारते गाव कोणतं, मग आडनाव. आडनाव सांगितलं की "आता आठवलं, पाहुणे येणार आहेत, रूम द्यायची नाही." मी एका दिवशी दोन पोरींना घेऊन सात गेट फिरली, तीन ठिकाणी हेच झालं. पोरी काही बोलल्या नाहीत, आठव्या गेटवर त्यांनी मलाच म्हटलं, "ताई, आधी तुम्ही जा, आम्ही कोपऱ्यावर थांबतो." ते माझ्या काळजात रुतून बसलं आहे. पैसा सरकारनं दिला तरी दार कोण उघडते हा प्रश्न उरतेच, तिकडंही अन् इकडंही, अन् योजना करणाऱ्यानं हे धरूनच योजना करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडचं. घरकुल तुम्हाला माहीत आहे, प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये आपल्यासारख्या सपाट भागात 1 लाख 20 हजार भेटतात, पण घरकुल गावात अन् कॉलेज अमरावतीत, त्याचा इथं उपयोग नाही. लॉकडाऊननंतर 2020 ला मजुरांसाठी भाड्याच्या घरांची एक केंद्राची योजना आली, तीही शहरातल्या इमारतींची. भाड्याच्या व्हाउचरच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट आपल्या महाराष्ट्रात आहे ती पोरांसाठीची. अनुसूचित जातीच्या पोरांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, ही 2016-17 पासून. आदिवासी पोरांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तुमच्या बाजूला पांढरकवड्याचं प्रकल्प कार्यालय तिचं काम पाहते. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, पण तिथं जिल्ह्याला 600 पोरांची मर्यादा आहे, 36 जिल्हे धरले तर 21,600 झाले, म्हणजे यादीचा अन् चौघात एकाचा तो अमेरिकेचा प्रश्न इथं पण आलाच. तुम्ही जातीचं लिहिलं नाही म्हणून सगळ्या सांगितल्या. मूळ विचार सगळीकडं एकच, पोराला सरकारी वसतिगृहात जागा नाही भेटली तर बाहेर राहायचे, जेवायचे पैसे त्याच्या आधार जोडलेल्या खात्यात टाकायचे.

स्वाधारचा आकडा फोडून सांगते. नागपूर, पुणे, मुंबईसारख्या ठिकाणी वर्षाला 60,000, त्यात 32,000 जेवणाचे, 20,000 राहण्याचे, 8,000 निर्वाहाचे. अमरावती दुसऱ्या गटात येते, तिथं 51,000, म्हणजे 28,000, 15,000 अन् 8,000. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000, म्हणजे 25,000, 12,000 अन् 6,000. तुमच्या पोरीची रूम 3,000 ची, कॉलेजचे 10 महिने धरले तर 30,000, अन् राहण्याचे भेटणार 15,000, म्हणजे निम्मेच. पण त्याच रूममध्ये दोघी राहिल्या तर एकीचे महिन्याला 1,500, अन् 15,000 ला 10 नं भागलं तर बरोबर 1,500 येते. म्हणून मी पहिलं काम हेच करते, गावाकडची नाहीतर शेजारच्या तालुक्यातली जोडीदार पोरगी शोधते. एकटीसाठी रूम पाहूच नका. उन्हाळ्याचे दोन महिने सामान ठेवायचं भाडं किती हेही आधीच ठरवून घ्या, बरेच मालक अर्ध्यावर मानतात.

आता दुखणं कुठं आहे ते सांगते. रक्कम कमी आहे हे आहेच, पण त्याहून मोठं दुखणं तारखेचं आहे. ॲडमिशन जुलै-ऑगस्टात. त्याच वेळी शेतकऱ्याची पेरणी झालेली, खत झालेलं, कृषी केंद्राची उधारी चढलेली, अन् कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या आगंमागं. वर्षात घरी सगळ्यात कमी पैसा असते तेव्हाच डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसचा ॲडव्हान्स, पुस्तकं, गादी, बादली हे सगळं एकदम येते. अन् योजनेचा पैसा फॉर्म, छाननी, यादी, हजेरी असं करत मागून येते.

झरीकडची एक पोरगी होती, नाव नाही सांगत. 2018 ची गोष्ट. बापानं दोन बकऱ्या विकल्या अन् शिवाय एका खासगी सावकाराकडून 20,000 काढले, शेकडा पाच रुपये महिना. पोरगी दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर बँकेत जाऊन पासबुक छापून आणायची. मी पाहिलं ते पासबुक, पानभर नुसत्या तारखा अन् बॅलन्स तोच, कुठं 212, कुठं 112. घरमालकीणबाईच्या दाराला खिळ्यावर एक वही लटकलेली असे, तिच्यात पोरींचे नावं अन् भाड्यासमोर टिक, अन् या पोरीच्या नावासमोर चार महिने रिकामे चौकोन. जाता-येता बाकीच्या पोरी पाहत. ती मागच्या बाजूनं, मोरीकडून जायला लागली, वहीसमोरून जायला नको म्हणून. पैसे मार्चमध्ये जमा झाले, पूर्ण 51,000 मध्ये एक रुपया कमी नाही. पण तोपर्यंत 20,000 वर आठ महिन्यांचं व्याज 8,000 झालं होतं. निर्वाह भत्ता किती असते? 8,000. म्हणजे सरकारनं पोरीच्या साबण-तेल-वही-बससाठी जे दिले ते जसेच्या तसे सावकाराच्या खिशात गेले, फक्त उशीर झाला म्हणून. ज्या कार्यालयात मी याच्यासाठी खेटे घातले तिथले लोक वाईट नव्हते, फाईल थांबली होती एका हजेरीच्या सहीपायी.

तेव्हापासून मी व्हाउचरवाल्यांची एक गोष्ट उचलली, मदत महिन्याला अन् सरळ मालकाला. 2021 ला आमच्या बचत गटाच्या बायका, दोन शिक्षक अन् मी मिळून 80,000 जमा केले. सहा पोरी घेतल्या. एकीचं भाडं 1,500, आठ महिने आपण भरायचे म्हणजे 12,000, सहा जणींचे 72,000, अन् 8,000 अडीअडचणीला. दर महिन्याच्या 5 तारखेला मालकाच्या फोनवर पैसे जातात, पोरीच्या हातात नाही. योजनेचा पैसा आला की पोरीनं 12,000 परत करायचे, व्याज नाही. घरच्यांनी महिन्याला 200 रुपये आमच्याकडं जमा करायचे, मजुरी नसली त्या महिन्यात 50 चालतात, हा वाटा कमाईवर ठेवायचा विचारही तिथूनच घेतला. एका घरचा कर्ता माणूस गेला, त्यांचे आम्ही सोडून दिले, बाकी सगळ्यांचे परत आले, अन् यंदा 17 पोरी आहेत.

अन् ज्याची मी अपेक्षा केली नव्हती ते असं झालं, मालक लोक बदलले. ज्या बाईनं आधी दोन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं होतं तिनं तिसऱ्या वर्षी स्वतः फोन केला, "ताई, तुमच्या पोरी असल्या तं पाठवा, डिपॉझिट राहू द्या." 5 तारखेला पैसे पडतात हे तिला कळलं होतं. आडनाव विचारणारे सगळे बदलले असं म्हणणार नाही, पण दोन गेट उघडले, ते पैशाच्या वक्तशीरपणानं उघडले. तुमच्या गावात बचत गट असेल तर सहा पोरींचं गणित कोणत्याही गटाला झेपते, नुसत्या तुमच्या एका पोरीपुरतं केलं तरी 12,000 ची सोय आहे, सावकाराकडं जाऊ नका एवढं माझं हात जोडून सांगणं आहे.

आता तुम्ही काय करायचं. वसतिगृहाचा फॉर्म भरला असेलच, त्याची पोच अन् निवड झाली नाही ती यादी जपून ठेवा, मग लगेच तुमच्या दाखल्यावर जी योजना बसते तिचा ऑनलाईन फॉर्म. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ताजा लागते. पोरीचं खातं आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा, जोडलेलं आहे असं वाटते अन् नसते, निम्म्या पोरांचा पैसा इथंच अडकते. हजेरी 75 टक्के लागते, अन् तिची सही वेळेवर घ्यायची जबाबदारी पोरीला आत्ताच समजावून द्या, त्या झरीच्या पोरीचं काय झालं ते सांगा तिला.

भाड्याचा करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, त्याच्या कलम 55 नं अमरावती-नागपूरसारख्या शहरात करार लेखी अन् नोंदणी केलेला पाहिजे, अन् नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. पावती देणं मालकाला बंधनकारक आहे, योजनेच्या फाईलला पण तीच कामी येते. योग्य कारण नसताना मालकाला लाईट किंवा पाणी बंद करता येत नाही, तेही त्याच कायद्यात आहे. भांडायला जाऊ नका, नुसतं माहीत असू द्या, शांतपणे बोललं तर बरेच मालक ऐकतात. लाईट बिल वेगळं असेल तर सब-मीटरचा आकडा पहिल्या दिवशी मालकासमोर मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर आधीच्या पोरांचे युनिट तुमच्या पोरीवर येतात.

अन् ते घर बघून घ्यायचं काम, जे तिकडं संस्थेचा माणूस करते, ते इथं तुम्हालाच करायचं आहे. दुपारी जाऊन येऊ नका. रात्री आठला जा, पोरीला अन् तिच्या आईला घेऊन. बसस्टॉपपासून गेटपर्यंत पायी चाला, गल्लीत खांबावरचे लाईट लागतात का पहा. संडास आत आहे की अंगण ओलांडून, नळाला किती वाजता पाणी येते, वर कोण राहते ते विचारा. मग तिघं खोलीत जा, दार लोटा अन् कडी आतून पोरीलाच लावू द्या, तुम्ही बाहेरून एकदा जोरानं ढकलून पहा. कडी हलली तर मालकाला तिथंच सांगा की नवी लावून द्या, अन् ती लागल्यावरच पहिल्या महिन्याचे पैसे द्या.